कणीभर मिसळ, खंडीभर नुकसान

म्हसळ्याकडे भात गिरणीतून आलं की तांदूळ वेगळा आणि कण्या वेगळ्या होतात. कण्यांची पेज करायची, नाहीतर दळून भाकरीला पीठ. घरात कणीला फार मान नाही. पण २०२१ मध्ये याच मालाने भारतीय निर्यातदारांची झोप उडवली.

झालं असं, की जून २०२१ मध्ये फ्रान्सने युरोपीय संघाच्या अन्न-इशारा यंत्रणेत नोंद केली: तांदळाच्या पिठात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, भाताचे अंश आहेत. पीठ भारतातून गेलेल्या सुमारे ५०० टन कण्यांचं होतं. त्यापासून केलेला माल बाजारातून परत मागवावा लागला. भारत सरकारचं उत्तर होतं, आमच्याकडे जीएम भाताची व्यावसायिक लागवडच नाही.

मग जे पीक बाजारात नाही, त्याचा धोका कसा? यासाठी १५ वर्षं मागे जाऊ.

एलएल६०१ हा तणनाशक सहन करणारा भात. अमेरिकेत १९९८ ते २००१ या काळात त्याच्या शेतातल्या चाचण्या झाल्या, पण तो विक्रीला कधी आणलाच नाही. तरीही १८ ऑगस्ट २००६ रोजी तिथल्या कृषी खात्याने जाहीर केलं, की बाजारातल्या लांब दाण्याच्या तांदळात त्याचे अंश सापडलेत. जपानने तो तांदूळ घेणं थांबवलं, युरोपने तपासणी सक्तीची केली, भाव पडले. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेने त्याच वाणाला निर्बंधातून मोकळं केलं. पण गिऱ्हाईक काही लगेच परत आलं नाही. शेवटी २०११ मध्ये बायर कंपनीने शेतकऱ्यांसाठी ७५ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. मिसळ नेमकी कशी झाली, हे सरकारी तपासात ठामपणे सिद्ध झालंच नाही.

म्हणजे ‘खायला सुरक्षित आहे का?’ आणि ‘विकता येईल का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आपल्या देशातली समिती देते. दुसऱ्याचं उत्तर घेणारा देश देतो.

आपले नियम १९८९ चे, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. त्यानुसार २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. भाताचं मात्र चाचण्यांपलीकडे गेलं नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये हरियाणातल्या कर्नाल जिल्ह्यात शेतकरी संघटनेने बीटी भाताचं चाचणीचं शेत जाळलं. चाचणी आपल्या जालन्याच्या महिकोची होती. तांदूळ निर्यातदारही अशा चाचण्यांच्या विरोधात होते. त्यांची भीती साधी होती: अमेरिकेचं झालं ते आपलं होईल.

आता नवा पेच. मे २०२५ मध्ये भारताने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यात परकं जनुक नाही, म्हणून २०२२ च्या आदेशाने अशा वाणांना इथे बरीच सूट आहे. युरोपीय न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये अशी पिकंही जीएम कायद्याखालीच धरली. तिथेही नियम सैल करायच्या हालचाली आहेत. पण दोन्हीकडचे नियम एकाच दिवशी बदलत नाहीत. निर्यातदार अडकतो तो या मधल्या काळात.

यावर संशोधन करणार असाल तर प्रत्येक वाणासाठी तीन तारखा शेजारी-शेजारी मांडा: पहिली चाचणी, देशातली मंजुरी, घेणाऱ्या देशाची मंजुरी. तुमचा प्रश्न त्या अंतरात सापडेल. आणि २०२१ च्या नोंदीवरून ‘भारतात चोरून जीएम भात पिकतो’ असा निष्कर्ष काढू नका. पिठात काय आहे एवढंच चाचणी सांगते. ते शेतात मिसळलं, गिरणीत, गोदामात की तिकडच्या कारखान्यात, हे नाही सांगत.

आमच्याकडे एका गिरणीत चार गावांचं भात येतं आणि कण्या एकाच ढिगात पडतात. उद्या अशी कणी परत आली, तर तिचं शेत कोण शोधणार, आणि ते सापडलं नाही तर भरपाई कोणाला मिळणार? नियमांच्या चर्चेत हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो.