शिरेवाटे लोहोपचार

लोहाची कमतरता भरून काढण्यासाठी लोहसंयुग थेट शिरेतून देण्याची उपचारपद्धती (पहा : रक्तक्षय, हीमोग्लोबिन).

मोकळे लोह रक्तात विषारी ठरते. म्हणून ते शर्करेच्या वेष्टनात बांधून देतात. शर्करायुक्त लोह ऑक्साइड १९४०च्या दशकात वापरात आले. पुढे आलेल्या उच्च रेणुभाराच्या लोह-डेक्स्ट्रानमुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी झाली आणि पद्धत दीर्घकाळ संशयित राहिली. आयर्न सुक्रोज व फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज ही नंतरची संयुगे बरीच सुरक्षित आहेत.

गोळ्या सोसत नाहीत, आतड्याच्या विकारांत लोह शोषले जात नाही, मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे किंवा प्रसूती जवळ आली असून हीमोग्लोबिन फार कमी आहे, अशा वेळी हा उपचार करतात. एकूण मात्रा वजन व हीमोग्लोबिनची तूट यांवरून काढतात. आयर्न सुक्रोज सलाईनमध्ये मिसळून साधारण २०० मिग्रॅ. एका वेळी, एकाआड एक दिवस देतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजची १,००० मिग्रॅ.पर्यंतची मात्रा सुमारे १५ मिनिटांत देता येते. त्यानंतर अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात. सुई शिरेबाहेर सरकल्यास त्वचेवर तपकिरी डाग पडतो व तो महिनोन्महिने टिकतो. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजमुळे रक्तातील फॉस्फेट घटू शकते. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत व सक्रिय जंतुसंसर्गात हा उपचार टाळतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५नुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे; त्यामुळे येथील प्रसूतिपूर्व सेवेत या उपचाराला विशेष महत्त्व आहे (पहा : फेरिटिन; गर्भारपण).