वढकि, सुतार व त्यांचीं हत्यारें

कार्ले येथील चैत्यगृहांतील लेखांपैकीं वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख संशोधकांच्या परिचयाचा आहे. त्याच चैत्याच्या दर्शनी भागावर दुसरा एक लहानसा लेख आहे. एपिग्राफिया इंडिकाच्या सातव्या खंडांत (१९०२-०३) सेनार यांनीं तो प्रसिद्ध केला. धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामि यानें या गृहाचें द्वार केलें, एवढाच त्याचा आशय. सामीचा धंदा मात्र लेखांत स्पष्ट दिला आहे : तो ‘वढकि’, म्हणजे संस्कृत वर्धकि, म्हणजेच सुतार होता.

दगडांत कोरलेल्या घराचें द्वार सुतारानें करावें हें प्रथम विचित्र वाटतें. परंतु आंत जाऊन वर पाहिलें असतां उलगडा होतो. चैत्याच्या कमानदार छतास सागवानी फांसळ्या बसविलेल्या आहेत. सुमारें दोन हजार वर्षें लोटलीं तरी त्या तेथें आहेत. छताचा भार त्यांवर मुळींच नाहीं. खडक आपल्याच बळावर उभा आहे. मग त्या कशाला? लांकडी गृहाचें जें रूप कारागिरांच्या डोळ्यांपुढें होतें, तें पुरें व्हावें म्हणून. अर्थात् लेणीं खोदणारा पाथरवट येथें सुताराच्या विद्येमागून चालला आहे, असेंच म्हणावें लागतें.

आतां नांवांचा विचार करूं. अमरकोशांत सुतारास तक्षा, वर्धकि, त्वष्टा, रथकार व काष्ठतट् अशीं नांवें दिलीं आहेत. वर्धकि शब्दाच्या मुळाशीं कापणें हा अर्थ आहे. हाच शब्द वऱ्हाड-नागपुराकडे ‘वाढई’ या रूपानें नांदत आहे. कार्ल्याच्या शिळेवरील शब्द अद्याप लोकांच्या जिभेवर आहे. देशांत व कोंकणांत रूढ असलेला ‘सुतार’ मात्र सूत्रधारापासून आला. लांकडावर सूत धरून रेघ मारावयाची आणि मगच करवत लावावयाची, हा त्या धंद्याचा पहिला नियम. पंधराव्या शतकांत मेवाडच्या कुंभा राण्याच्या पदरीं असलेला, ‘प्रासादमंडन’ व ‘राजवल्लभ’ या ग्रंथांचा कर्ता मंडन हा सूत्रधार म्हणूनच प्रसिद्ध आहे. म्हणजे एक नांव कापणाऱ्याचें, तर दुसरें योजणाऱ्याचें; आणि तें दुसरें मोठ्या मानाचें होतें.

हत्यारांच्या नांवांतही असे थर दिसतात. करवत हें करपत्र, कुऱ्हाड हा कुठार. तासणें हें तक्ष् धातूपासून आलें. मक्षिकेची जशी माशी झाली, तसाच हा वर्णविकार आहे. परंतु रंधा हा फारसी रंदा आहे, आणि गिरमिट इंग्रजी गिम्लेट. घरांतील सामानाचीही तीच गोष्ट. पाट, खाट, माचा, पलंग हे संस्कृत कुळांतील. खुर्ची अरबी कुर्सीपासून, अलमारी पोर्तुगीज आर्मारियोपासून. शब्द परका म्हणून वस्तूही परकीच, असें अनुमान करणें घाईचें होईल. तथापि सुताराची पेटी हा एक कालानुक्रमानें लागलेला दप्तराचा रुमालच आहे, असें आमचें मत आहे.

या रुमालाकडे दुर्लक्ष झालें तर हानि मोठी आहे, कारण लांकूड टिकत नाहीं. १७३२ सालीं वास्तुशांत झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगींत जळाला. दगडी तट व जोतीं राहिलीं, सुतारकाम गेलें. कागदांतही सुतार पुरता सांपडत नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत बलुतेदारांच्या थोरल्या ओळींत त्याचें स्थान सांगितलें आहे. नांगर, पाभर, कुळव नीट ठेवावे व खळ्यावर धान्य घ्यावें, हा त्याचा व्यवहार. पण बलुत्याच्या हिशेबांत बहुधा धंद्याचा उल्लेख असतो, माणसाचा नव्हे. ज्या धंद्यांतील एकानें आपलें व आपल्या बापाचें नांव शिळेवर कोरविलें, त्याच धंद्यांतील पुढच्या पिढ्या निनांवी झाल्या.

आतां विजेचीं यंत्रें आलीं आहेत आणि जुनीं हत्यारें मोडींत निघत आहेत. हत्यार गेलें कीं त्याचें नांवही जातें. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. दप्तरें शोधावयास गांवोगांव जाल, तेव्हां सुताराच्या घरींही जावें. प्रत्येक हत्याराचें स्थानिक नांव, माप, उपयोग व गांव टिपून ठेवावें. तें कोणी घडविलें व कोणीं वापरलें, हेंही विचारावें. वाड्यांच्या व देवळांच्या खर्चाच्या यादींत एखाद्या सुताराचें नांव आढळल्यास तें क्षुल्लक समजून सोडूं नये. सनदेइतक्याच काळजीनें तें उतरून घ्यावें.