शब्दवेध : नंबर

भोकरदन तालुक्यातील राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानले जाते, आणि अंगारकी चतुर्थीला तेथील दर्शनरांगेत 'नंबर' या शब्दाचा अर्थ संख्या असा नसून पाळी असा होतो. लॅटिन 'नुमेरुस'पासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या नामाला मराठीने 'लावणे' आणि 'लागणे' ही आपली क्रियापदे जोडली. परिणामी 'नंबर लावला' यात कर्त्याची खटपट दिसते, तर 'नंबर लागला' यात त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. चष्म्याचा नंबर म्हणजे भिंगाची शक्ती, 'गट नंबर' म्हणजे एकत्रीकरण योजनेनंतर जमिनीला मिळालेला क्रमांक, 'एक नंबर' म्हणजे उत्कृष्ट, परंतु 'दोन नंबरचा' म्हणजे दुय्यम नव्हे, तर बेकायदा (भाषेने हिशेबाच्या दोन वह्या चांगल्याच ध्यानात ठेवल्या आहेत!). 'क्रमांक' हा पर्याय अर्जांत आणि निकालपत्रांत रुळला, रांगेत मात्र नाही. ग्रामीण बोलीतील 'लंबर' हा उच्चार अडाणीपणाचा समजला जातो, ते योग्य नव्हे. न आणि ल यांचे उच्चारस्थान एकच असल्याने हा पालट स्वाभाविक आहे, आणि उत्तर भारतात 'नंबरदार' या महसुली पदाचेही 'लंबरदार' असेच झाले.