शिडाच्या होडीवरील शोभेचे लाकूडकाम : निगा

शिडाच्या होडीच्या काठपट्ट्या, कठडे, नाळेवरची कोरीव फळी अशा बाहेरील उघड्या लाकडाची देखभाल. हे लाकूड बहुधा सागवानी. अंगच्या तेलामुळे साग सहजी कुजत नाही. पण उन्हातील अतिनील किरण वरच्या थरातील लिग्निन (लाकडाचे तंतू सांधणारे द्रव्य) मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि लाकूड राखाडी होते. राखाडी म्हणजे कुजलेले नव्हे, हे हौशी मालकांना पटवावे लागते.

कोकणात लाकडी होड्यांना माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोपडत. गुणकारी खरे, पण वास सोसवला पाहिजे!

तेलाऐवजी व्हार्निश लावायचे तर शिस्त लागते. लाकूड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे, सुटलेला थर खरवडायचा, रेषांच्या दिशेने पॉलिशपेपर फिरवायचा. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेला. पुढचे चार-सहा दाट, मध्ये हलकी घासणी. फळीची टोके सर्वाधिक पाणी पितात, म्हणून तिथे जादा हात. पाण्याचा जोरदार फवारा टाळावा. त्याने लाकडाचा मऊ भाग उकरला जातो.

कोकणात हे काम पावसाळा सरल्यावर, दव सुकल्यावरच.

सागाचा टिकाऊपणा मोठ्या जहाजांत दिसतो. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.