ग्रँट डफ आणि मराठ्यांचा इतिहास

स्कॉटलंडमधील बँफ येथे १७८९ साली जन्मलेला जेम्स ग्रँट डफ तरुणपणीच कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात दाखल झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि एल्फिन्स्टनने त्याला साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांजवळ नेमले. १८२२ मध्ये त्याने राज्यकारभार महाराजांच्या हाती सोपविला. कारभार सांभाळून बखरी, सनदा व दप्तरे धुंडाळण्याच्या श्रमांनी त्याची प्रकृती खालावली व तो मायदेशी परतला. १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला. जेत्याच्या दृष्टीने लिहिलेल्या या ग्रंथातील उणिवा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी दाखविल्या. पुढे राजवाडे मूळ कागदांच्या शोधात गावोगाव हिंडले. परक्याने लिहिलेला आपला इतिहास तपासायचा, तर घरची दप्तरे आपणच जपली पाहिजेत.