गोवा शहराची उत्कीर्ण चित्रे : एका बंदराचे कागदावरील आयुष्य

युरोपातील वाचकवर्गापुढे गोवा शहराचे दृश्य ठेवणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबर्ग यांच्या नगरदृश्यसंग्रहाचा समावेश होतो. त्याचा पहिला खंड १५७२ मध्ये कोलोन येथे निघाला. त्यातील गोव्याच्या दृश्याचा लॅटिन मथळा हे शहर ख्रिस्ती सत्तेखाली आल्याचे वर्ष १५०९ असे सांगतो. प्रत्यक्षात आल्बुकेर्कने ते कायमचे जिंकले २५ नोव्हेंबर १५१० रोजी. एका वर्षाची ही तफावत क्षुल्लक वाटेल. तथापि चित्रामागील ज्ञान ऐकीव होते, याची ती खूण आहे.

या ऐकीव परंपरेला छेद दिला तो यान ह्युइगेन व्हान लिन्शोटेन या डच तरुणाने. आर्चबिशप व्हिसेंत द फोन्सेका यांचा चिटणीस म्हणून तो १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. त्यासोबतचा गोव्याचा मोठा नकाशा बाप्टिस्टा व्हान डोटेकुम याने तांब्याच्या पत्र्यावर कोरला. मथळा पोर्तुगीज, छपाई डच : नकाशा कोणाच्या घरातून कोणाच्या हाती गेला, हे यातूनच कळते. पोर्तुगीजांनी जपलेली माहिती आता त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांसाठी बाजारात आली होती. सहा वर्षांनी, १६०२ मध्ये, डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली.

नकाशाइतकेच बोलके आहे त्याच ग्रंथातील बाजाराचे चित्र. भर रस्त्यात चाललेला लिलाव हा त्याचा विषय. मराठीतला 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज 'लेइलांव'वरून आलेला आहे. म्हणजे डच कोरक्याने ज्या व्यवहाराचे चित्र काढले, त्याचे नाव कोकणपट्टीच्या बोलण्यात रुजून राहिले. चित्र परदेशी गेले, शब्द इथेच राहिला.

१५८३ मध्ये राल्फ फिच आणि त्याचे इंग्रज सोबती गोव्यात कैदेत पडले. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत लिन्शोटेन होता, आणि फादर थॉमस स्टीफन्सही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. एकाच शहराचे हे दोन रहिवासी. एकाने तेथील माणसे आणि रस्ते युरोपच्या डोळ्यांसाठी टिपले. दुसऱ्याने युरोपातून आणलेली कथा तेथील कानांसाठी ओवीत बसवली. तौलनिक अभ्यासात 'ख्रिस्तपुराणा'शेजारी हे नकाशे सहसा ठेवले जात नाहीत, ही उणीवच म्हणावी लागेल.

लिन्शोटेनच्या नकाशात जे नाही, तेही पाहिले पाहिजे. आजचा पाहुणा जुने गोवे ज्या बॉम जीझसमुळे ओळखतो, त्या चर्चचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले. तोवर लिन्शोटेन परतला होता. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारासच पाडली गेली होती. त्यांच्या जागा नकाशा वाचणाऱ्याला कळत नाहीत. ती स्मृती नदीपलीकडे गेलेल्या देवतांनी आणि त्यांच्या कुळावींनी जपली.

पोर्तुगीजांचे स्वतःचे उत्तर हस्तलिखित होते. आंतोनियो बोकार्रो यांच्या १६३५ च्या ग्रंथात पेद्रु बार्रेतु द रेझेंदे याचे रंगीत आराखडे आहेत. त्यांत गोव्याबरोबर चौल आणि वसईही येतात. हा ग्रंथ राजासाठी सिद्ध झाला होता, पुस्तकविक्रेत्यांसाठी नव्हे. त्यामुळे अधिक ताजे चित्र दप्तरात राहिले आणि लिन्शोटेनचे जुने चित्र नकलांच्या रूपाने फिरत राहिले.

दरम्यान शहर रिकामे होत होते. साथींनी वस्ती उठवली, डचांच्या नाकेबंदीने व्यापार खालावला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीत मुक्काम हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. अठराव्या शतकातील युरोपीय प्रवाससंग्रहांत मात्र लिन्शोटेनच्या नकाशावर बेतलेले गोवा पुन्हा कोरले जात होते, त्याच दाट घरांसह.