नूर इनायत खान: बडोद्याच्या खानदानातली वायरलेस ऑपरेटर

नूर-उन-निसा इनायत खान (१ जानेवारी १९१४ ते १३ सप्टेंबर १९४४) ही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेतर्फे जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. वयाच्या तिसाव्या वर्षी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली.

मोबाइलवर तिच्याबद्दल जे फिरते त्यात तिला सरळ 'टिपूची नात' म्हटलेले असते. टिपू सुलतान १७९९ साली शहीद झाले, नूर जन्मली १९१४ साली. मधली ११५ वर्षे कुठे गेली? खरे नाते असे: नूरच्या वडिलांचे आजोबा उस्ताद मौलाबख्श. त्यांच्या बेगम टिपूच्या घराण्यातल्या, असे हे खानदान सांगत आले. मौलाबख्श बडोद्याचे दरबारी गवई. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये त्यांनी तिथे गायनशाळा सुरू केली. हजरत इनायत खान याच घरात १८८२ मध्ये जन्मले, वीणा शिकले, पुढे सूफी पंथाचे झाले आणि १३ सप्टेंबर १९१० रोजी हिंदुस्तान सोडून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या पत्नी ओरा रे बेकर मूळच्या अमेरिकन. निकाहानंतर त्या अमीना बेगम झाल्या.

नूरचा जन्म मॉस्कोचा, बालपण लंडनचे आणि मग पॅरिसजवळच्या सुरेन गावातले. तिथल्या घराचे नाव फजल मंजिल. वडील १९२७ मध्ये दिल्लीत वारले, तेव्हा ती १३ वर्षांची. आई खचली आणि तीन धाकट्या भावंडांचे बघणे नूरवर आले. तरी शिक्षण सुटले नाही. सोरबोन विद्यापीठात बालमानसशास्त्र, संगीतशाळेत हार्प आणि पियानो. फ्रेंच वर्तमानपत्रात आणि रेडिओवर ती मुलांसाठी गोष्टी देत असे. १९३९ मध्ये जातककथांवरचे तिचे पुस्तक लंडनहून निघाले. सूफी घरातली मुलगी बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी सांगते, यात त्या घरात कुणाला नवल वाटले नसणार.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर आल्या आणि हे कुटुंब निर्वासित होऊन इंग्लंडला पोचले. अहिंसेवर श्रद्धा असलेल्या नूर आणि भाऊ विलायत यांच्यापुढे प्रश्न होता की हातावर हात ठेवून बसायचे का? ठरले असे की जोखीम घ्यायची, पण जीव घ्यायचा नाही. नूरने हवाईदलाच्या महिला शाखेत अर्ज केला. जन्म मॉस्कोचा म्हणून तो आधी फेटाळला गेला. तिने लिहून कळवले की आपण ब्रिटिशांच्या संरक्षणाखालच्या प्रजाजन आहोत. म्हणजे बघा, वडिलांचे बडोदा संस्थान तिथे कामी आले! १९ नोव्हेंबर १९४० रोजी ती भरती झाली. पुढे एका मुलाखतीत तिने अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितले की युद्ध संपल्यावर मी हिंदुस्तानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने असेन.

गुप्त कामाच्या प्रशिक्षणात काहींनी तिला नापास ठरवले होते. फार हळवी, खोटे बोलता येत नाही, असे शेरे. पण फ्रेंच उत्तम आणि वायरलेसवर हात बसलेला. अशी माणसे कमी होती. १६ जून १९४३ च्या रात्री छोट्या विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवले गेले. सांकेतिक नाव 'मॅडलीन'. थोड्याच दिवसांत तिथले साथीदार एकामागून एक पकडले गेले. लंडनने परत बोलावले, तिने नकार दिला, कारण पॅरिसहून संदेश पाठवणारे दुसरे जवळपास कोणी उरले नव्हते. ऑपरेटर सहा आठवडे टिकला तरी पुष्कळ असे म्हणत. ती जड सेट घेऊन, घरे आणि केसांचा रंग बदलत जवळजवळ चार महिने टिकली.

ऑक्टोबर १९४३ मध्ये फितुरीमुळे ती पकडली गेली. इथे एक गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही. पाठवलेल्या संदेशांची वही तिने जपून ठेवली होती, ती जर्मनांच्या हाती लागली. तिच्या नावाने त्यांनी लंडनशी बोलणे चालू ठेवले आणि नंतर उतरलेले काही एजंट सरळ त्यांच्या तावडीत गेले. चूक तिची होती, आणि वेळेत शंका न घेणाऱ्या लंडनच्या साहेबांचीही. मात्र चौकशीत तिने तोंड उघडले नाही. पळून जायचा प्रयत्न दोनदा केला. मग फोर्त्सहाइमच्या तुरुंगात सुमारे दहा महिने बेड्या घालून एकटीला कोठडीत ठेवले.

१३ सप्टेंबर १९४४ च्या पहाटे डाखाऊमध्ये आणखी तीन महिला एजंटांसोबत तिला मारण्यात आले. वडिलांनी वतन सोडले त्याला त्याच दिवशी ३४ वर्षे झाली होती.

फ्रान्सने १९४६ मध्ये क्रॉआ द गेर आणि ब्रिटनने १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस हा सन्मान तिला मरणोत्तर दिला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये २०१२ पासून तिचा अर्धपुतळा आहे. टॅव्हिटन स्ट्रीटवरच्या तिच्या घराला २०२० मध्ये निळी पाटी लागली. भारतीय वंशाच्या स्त्रीसाठी अशी ही पहिलीच. हजरत इनायत खान यांची दर्गाह दिल्लीत निजामुद्दीनला आहे. नूरला कबर नाही. इंग्लंडमध्ये रनिमीडच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा हवाईदलाच्या लोकांच्या यादीत, तिचे नाव कोरलेले आहे.